गोराईतली वठलेली कलमं

"विष घातलंय बाई, विष! कोणी घातलं तेही सांगतो. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

बळवंत खुर्चीत बसायलाही तयार नव्हता. सुलक्षणा सामंत यांची बोरिवलीतली तपासाची कचेरी म्हणजे एक खोली, आणि ती त्याच्या आवाजाने भरून गेली होती. दाराशी बसलेला धोंडू मनोमन खूश झाला. गिऱ्हाईकच गुन्हेगाराचं नाव घेऊन आलंय, म्हणजे काम झटपट!

संपानंतर गिरणी धोंडूसाठी पुन्हा उघडली नाही, तेव्हापासून तो बाईंच्या हाताखाली होता. पाठलागासाठी त्याचे पाय भक्कम होते. निष्कर्षावर उडी मारायला तर त्याहून भक्कम.

"आधी झालं काय ते सांगा," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

गोराईत बळवंतची वाडी होती. थोडी भाजी, थोडे माड. यंदा सरकारच्या फळबाग योजनेत त्याचं नाव लागलं आणि हापूसची वीस कलमं मिळाली. पावसाळाभर ती झकास वाढली. दसऱ्यानंतर मात्र पानांच्या कडा करपायला लागल्या आणि बघता बघता कलमं वठली.

"उद्या कृषी खात्याचे अंबादाससाहेब पाहणीला येणार. आमच्या हलगर्जीपणाने कलमं मेली असं त्यांनी लिहिलं, की संपलं. पुढची कलमं नाय, खत नाय, विहिरीवरचा पंप नाय. पण कोणी मुद्दाम मारली असं ठरलं, तर नवी कलमं मिळतात."

"म्हणजे तुम्हाला गुन्हेगार हवाच आहे."

"आहेच ना तो! शेजारचा तुळशीदास. योजनेत त्याचं नाव लागलं नाही, तेव्हापासून जळतोय. पोलिसांत द्यायला अर्जही तयार ठेवलाय मी."

"मी जे खरं निघेल ते सांगेन," बाई म्हणाल्या. "ते तुम्हाला सोयीचं असेलच असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडी ओलांडून दोघं वाडीवर पोचली. कलमांची अवस्था बघून धोंडूला खरंच वाईट वाटलं. पानं तांबूस पडून खाली लोंबत होती. पाटाकडची दोन कलमं तेवढी हिरवीगार होती.

बाई एका कलमाशी उकिडव्या बसल्या. बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल आळं खणलेलं दिसत होतं. वरून माती ओढून ती तळव्याने छान थापली होती. प्रत्येक कलमाला तसंच.

"हे तुम्ही केलंत?"

"नाय. विष घालायलाच खणलं असणार त्यानं."

तेवढ्यात कुंपणातल्या भोकातून एक शेळी आत आली. पानांना तोंडही न लावता ती आळ्यातली माती चाटू लागली. बळवंतने ढेकूळ भिरकावलं.

"तुळशीदासची! रोज येते मरायला!"

शेळी पळाली ती थेट वाडीतल्याच पलीकडच्या माडाखाली, आणि तिथलीही माती चाटत उभी राहिली.

"रोज येते?" बाईंनी विचारलं. "आणि ठणठणीत आहे?"

"अवदसेला काय धाड भरलीय?" बळवंत म्हणाला.

बळवंतची बायको रुक्मिणी ओसरीवर भाजीच्या जुड्या बांधत होती. बाईंनी विचारलं तशी ती फटकन म्हणाली, "मला ही बाग नकोच होती. बोरिवलीच्या बाजारात रोज भाजी मी विकायची, आणि आंबे धरणार कधी, तर मी म्हातारी झाल्यावर! पण म्हणून झाडं मारीन का? पाणी मीच घातलंय त्यांना."

"बाजाराला दोघं जाता?"

"दोघंही. घरी सासूबाई असतात."

सासूबाई, म्हणजे सरूबाई, अंगणात खारवून वाळत घातलेले मासे उलटत होत्या. माहेर खारदांड्याचं, हात कामाने राठ झालेले. धोंडूच्या नाकाला मासे जरा उतरल्यासारखे वाटले.

"मीठ कमी पडलं गो बाय," त्या बाईंना म्हणाल्या. "सुनेला कवापासून सांगते, मीठ आण."

"गोणभर आणलं होतं दसऱ्याला!" रुक्मिणी आतून ओरडली. "एवढं मीठ मुरलं तरी कुठं?"

"सरूबाई, कलमांकडे तुम्ही काही बघत होता का?"

म्हातारीचे डोळे भरून आले. "बघणार नाय? ते बघा माजे माड, कसे लगडलेत. त्यांच्यावानीच जपलं मी कलमांना. कोण मेल्याची नजर लागली!"

उरला तुळशीदास. तो कुंपणापलीकडे आपल्या विहिरीच्या काठावर बसला होता. "जळलो मी, नाय कशाला म्हणू?" तो म्हणाला. "पण रडलो तर सरकारच्या नावानं. झाडानं काय घोडं मारलंय माझं? काल बळवंतनं आईबाप काढले माझे, साऱ्या गावासमोर."

कुंपणापासून परत येताना धोंडू कुजबुजला, "बाई, तुळशीदासच असतलो. माझी खात्री आसा."

"धोंडूभाऊ, तुमची खात्री झाली की मला बरं वाटतं. एक नाव कमी होतं."

दुपारी अंबादास आले. बाईंनी सगळ्यांना कलमांपाशी बोलावलं. तुळशीदास कुंपणापलीकडेच उभा राहिला.

"वैऱ्याने विष घातलं असतं तर तो घाईघाईत ओतून पळाला असता," बाई म्हणाल्या. "इथे प्रत्येक आळं गोल आहे, माती हाताने थापलेली आहे. हे काम उजेडात, सवडीने आणि मायेने झालंय. आता शेळी. रोज ही माती चाटते, पण मरत नाही. म्हणजे विष नाहीच. तिला आवडेल असं काहीतरी आहे, आणि तेच माडांखालीही आहे. धोंडूभाऊ, तुमच्या मालवणात माडाच्या आळ्यात काय घालतात?"

"मीठ," धोंडू म्हणाला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. आपल्या आजीला हे करताना त्याने शंभरदा पाहिलं होतं.

बाईंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकली. "खारट. दसऱ्याला आणलेली गोण मासे खारवायला पुरली नाही, कारण तिच्यातलं मीठ इथे मुरलं. पाऊस सरला होता, ते धुऊन कोण नेणार? पाटाकडच्या दोन कलमांचं तेवढं पाण्याने धुतलं गेलं, म्हणून ती वाचली. माडाला मीठ मानवतं, आंब्याला नाही. बाजाराच्या वेळी घरी एकच माणूस असायचं, आणि कलमांना माडांसारखं जपलं असं ते स्वतःच म्हणालं."

सरूबाईंनी आळ्यातली माती मुठीत उचलली. "माज्या हातानं? माज्या लेकाची बाग मी माज्या हातानं..." रुक्मिणीने धावत येऊन सासूला धरलं. धोंडूला वाटलं, बाईंनी तुळशीदासचंच नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, आणि लगेच त्याला स्वतःची लाजही वाटली.

अंबादासांनी खिशातल्या चाकूने एका कलमाची साल खरवडली. आतून हिरवं दिसलं.

"जीव आहे अजून," ते म्हणाले. "भरपूर गोडं पाणी सोडा, मीठ खाली उतरू दे. पुढच्या खेपेला नवी पालवी दिसली, तर मी कलमं जिवंत लिहीन. पण तुमच्या विहिरीला तेवढं पाणी आहे का?"

बळवंतने नकारार्थी मान हलवली. एवढं पाणी एकाच विहिरीत होतं, आणि ती कुंपणापलीकडे होती.

तो कुंपणाशी गेला आणि खिशातला पोलिसांचा अर्ज काढून त्याने साऱ्यांसमोर फाडला. "तुळशीदास, काल मी जे बोललो ते वाईट बोललो," तो म्हणाला. पुढचं मागणं मात्र त्याच्या तोंडातून निघेना.

तुळशीदासने त्याला तसंच ताटकळू दिलं. सरूबाईंकडे एकदा पाहिलं. मग विहिरीकडे वळून त्याने पाणी उपसायच्या इंजिनाचा दांडा हातात घेतला.

"पाणी कलमांना देतोय, बळवंत," तो म्हणाला. "तुला नाय."

"चालेल," बळवंत म्हणाला आणि पाट वळवायला फावडं आणायला धावला.