फरशी वाळेपर्यंत

सांगते, पण आधीच बजावून ठेवते, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचा बसलेला नाही. माझ्या लेकीचा बसला नाही, शेजारणीचा बसला नाही, आणि ज्याच्यासोबत हे घडलं तो गृहस्थ तर सेहेचाळीस वर्षं मिशीतल्या मिशीत हसतोय.

"म्हणजे ती रडणाऱ्या फरशीची गोष्ट ना?" नात म्हणाली. "आई म्हणते, आजीच्या त्या थापेला तोड नाही."

नातीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. आत्ताच ती अकरा पायऱ्या उतरून खालच्या अडगळीतून बादली आणि रोलर घेऊन आली होती, केसांत कोळ्याचं जाळं मिरवत. आमच्या गॅरेजच्या फरशीला नवं कोटिंग करायचं तिनं मनावर घेतलं होतं. डब्यावरच्या सूचनेप्रमाणे काल सकाळी दहाला तिनं फरशीवर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला होता. चोवीस तासांनी उचलायचा. खाली थेंब दिसले तर फरशी ओली, थांबायचं. कोरडं निघालं तर डबा उघडायचा.

"आज कोरडं निघालं की लावून टाकते," ती म्हणाली, "आणि उद्या मी निघते."

तिचे आजोबा दारात पालथ्या डब्यावर बसून चहा फुंकत होते. दहा वाजायला अर्धा तास होता. अर्ध्या तासात माणूस काय करणार? मी गोष्ट सुरू केली.

तर... तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मावशीच्या दुकानात काम करायचे. फरशांना कोटिंग करून द्यायचा मावशीचा धंदा. कारखाने, गोदामं, गॅरेजं. मावशीचा दरारा असा की ती नुसती खोकली तरी फळीवरचे डबे आपोआप रांगेत लागायचे.

"आजी!"

लागायचे म्हणते ना. तर एका दुपारी मी काउंटरवर रंगांची कार्डं लावत बसले होते. ऊन तिरपं होऊन आत आलं होतं, हवेत धूळ तरंगत होती, आणि दारात कुणीतरी अडकलं होतं. उंच, किडकिडीत. काखेत माणसाएवढी लांब पुठ्ठ्याची नळी आडवी धरलेली. तो पुढे यायचा, नळी दोन्हीकडून चौकटीला ठोकायची, तो मागे जायचा. पुन्हा पुढे. पुन्हा ठक्!

"असे आडवे येऊ नका," मी म्हटलं, "उभे या."

त्यानं नळी उभी केली. ती वरच्या दिव्यावर आपटली. दिवा झुलायला लागला, त्याची सावली दुकानभर झुलायला लागली, आणि त्या झुलत्या उजेडात तो हसला... काय सांगू! चार डब्यांची झाकणं उडाली.

"हवेच्या दाबानं उडाली असतील," दारातल्या पालथ्या डब्यावरून आवाज आला.

"तुम्ही चहा प्या," मी म्हटलं.

शर्टाच्या खिशात त्याच्याकडे काचेचा ड्रॉपर होता, पेनात शाई भरायचा. खिशाखाली निळा डाग. नकाशे काढायचं काम, त्यामुळे ड्रॉपर म्हणजे त्याचा जीव.

"गॅरेजला रंग हवाय," तो म्हणाला. "फरशीला. साधा चालेल."

"साधा लावलात तर महिन्याभरात गाडीबरोबर फिरायला जाईल."

"म्हणजे?"

"गरम टायर उभं राहिलं की रंग टायरला चिकटतो. गाडी निघाली की तोही निघाला. पोपडे तेवढे तुम्हाला."

"मग... सोडून न जाणारं काय आहे तुमच्याकडे?"

हा प्रश्न त्यानं कार्डांकडे बघत विचारायला हवा होता. त्यानं तो माझ्याकडे बघत विचारला.

"दोन डब्यांचं असतं," मी घाईघाईनं म्हटलं. "एकटा डबा ठेवलात तर महिनोन्‌महिने तसाच राहतो, पातळ. दुसऱ्यात मिसळला की मात्र चाळीस मिनिटं. तेवढ्यात काय ते उरकायचं."

"आणि नंतर?"

"नंतर दगड. कुणाला उपटता येत नाही."

त्यानं खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं, 'चाळीस मिनिटं.' मग खाली एक रेघ ओढली. ती रेघ कशाला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी या घरी आले. याच गॅरेजमध्ये. तेव्हा फरशी उघड्या सिमेंटची, मधोमध तेलाचा काळा डाग. घरात तो एकटाच होता आणि निम्मं घर खोक्यांत भरलेलं. लांबच्या शहरात नकाशांच्या कचेरीत त्याला जागा मिळाली होती. एकवीस तारखेला रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. घर एका दातांच्या डॉक्टरला भाड्यानं ठरलं होतं, आणि डॉक्टरला गाडीसाठी चकचकीत फरशी हवी होती.

"फरशी झाली," तो म्हणाला, "की किल्ली देणार आणि जाणार."

किती सहज म्हणाला! मी डाग घासायला बसले. इतका घासला, इतका घासला की ब्रशचे केस गळून पडले. मग सगळी फरशी हलक्या ॲसिडच्या पाण्यानं धुतली, म्हणजे ती जराशी खरखरीत होते आणि कोटिंग घट्ट धरते. मग साध्या पाण्यानं. मग दोन दिवस वाळू दिली. मग वीतभर प्लॅस्टिक.

मावशीचा नियम होता, "खाली थेंब दिसला तर डब्याला हात लावायचा नाही. ओलीवर लावलं तर फोड येतात. आणि फोड आले तर मी येते."

मावशी त्या महिन्यात एका मोठ्या गोदामात अडकली होती. रोज संध्याकाळी विचारायची, "वाळली?"

मी म्हणायचे, "नाही गं."

"पाऊस जाऊन दोन महिने झाले, अजून नाही?"

"रडतेय बाई ती. काय करू?"

आणि खरंच सांगते भिंगरे, रडायची! रोज सकाळी दहाला मी यायचे, आम्ही दोघं समोरासमोर गुडघ्यांवर बसायचो, मी टेप सोडवायचे, हळू... आणि प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूनं थेंबच थेंब. शटरखालून उजेडाची एक पट्टी आत यायची आणि त्या थेंबांवर येऊन थांबायची. दोन डोकी, वीतभर प्लॅस्टिक. त्याच्या श्वासानं माझ्या कपाळावरची बट हलायची.

"बेटं आहेत ही," पहिल्या दिवशी तो म्हणाला. आणि वहीत त्यांचा नकाशा काढला. अगदी मोजूनमापून, दिशा दाखवणाऱ्या बाणासकट.

"नाव काय बेटाचं?"

"तुम्ही ठेवा."

"सांडलेल्या चहाचं आखात," मी म्हटलं, कारण त्यानं तेवढ्यात कप लवंडला होता.

मग रोज एक नकाशा. मावशीच्या नाकाचं टोक. उशिरा उठणाऱ्यांचं बेट. एकदा दोनच थेंब होते, एकमेकांच्या अगदी जवळ... पण वेगळे. त्या दिवशी दोघांनाही नाव सुचलं नाही. तो पेन्सिल चावत बसला, मी टेपची गुंडाळी करत बसले. नुसती गुंडाळी, अर्धा तास.

थेंब बघून झाले की मी नवीन प्लॅस्टिक चिकटवायचे. तेवढ्यात तो आत चहा करायला जायचा. माझ्या पिशवीत स्पंज असायचा, पण ते सोड, तो हात पुसायला.

"स्पंज?" भिंगरी म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस. धागा तुटतो."

रंगसुद्धा आम्ही त्या दिवसांतच निवडला. कार्डं फरशीवर पसरली. राखाडी त्यानं बाजूला सारला, तांबडा मी.

"हा," तो म्हणाला. फिका निळा. "नकाशात किनाऱ्याजवळचं पाणी असं दाखवतात. जिथं पाय टेकतात ते."

"आणि लांबचं?"

"गडद. लांबचं मला कधी नीट रंगवता आलं नाही."

एकवीस तारीख मात्र कुणासाठी थांबत नव्हती. अठरा तारखेला मी आले तर बॅग भरून शटरपाशी ठेवलेली. वर तिकीट, दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचं. त्या सकाळीही बेट निघालं, पण त्यानं वही उघडली नाही.

"उद्या शेवटचं बघू," तो म्हणाला. "कोरडं निघालं तर लावून टाकू. किल्ली तुम्हीच द्या डॉक्टरांना."

"आणि ओलं निघालं तर?"

तो पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिला. टोक चांगलं होतं. तरी बघत राहिला.

मग त्यानं चहा केला. मी फरशी कोरड्या फडक्यानं पुसली. एकदा पुसली, दोनदा पुसली, तिसऱ्यांदा पुसली. प्लॅस्टिकही पुसलं. ज्याला जायचंय त्याच्या वाटेत पाणी होऊन कशाला पडायचं? त्याची जागा गेली असती, त्याचे नकाशे गेले असते, आणि पुढं कधीतरी त्यानं माझ्याकडे बघून तेवढंच आठवलं असतं. मी चारही बाजूंनी टेप दाबून बसवली. अंगठा दुखेपर्यंत दाबली. चहा न पिता गेले.

"आजी... म्हणजे आधीचे दिवस तू कोरडी पुसत नव्हतीस?"

"घड्याळाकडे लक्ष ठेव तू."

दुसऱ्या दिवशी दहाला आले. हातात दोन्ही डबे, रोलर, सगळं. तो इस्त्रीचा शर्ट घालून फरशीवर बसला होता. प्रवासाचा शर्ट. मी त्याच्याकडे बघितलं नाही. टेप सोडवली. एक बाजू. दुसरी. तिसरी...

प्लॅस्टिक उलटलं, आणि माझा हात तिथंच राहिला.

थेंब होते.

पण बेट नव्हतं. मुगाएवढे थेंब, सगळे सारखे, मोजून सारख्या अंतरावर, एकामागून एक. एका कोपऱ्यातून निघालेले, मध्ये लांबवर गेलेले... आणि तिथून वळून पुन्हा त्याच कोपऱ्यात आलेले. शटरखालचा उजेड त्या एकेका थेंबावर पाय ठेवत चालला होता. माझ्या डोळ्यांसमोर सगळं पातळ झालं.

"नकाशात पायवाट... अशीच दाखवतात ना?" मी विचारलं. "टिंबाटिंबांनी?"

"हो."

"कुठं जाते ही?"

"निघाली होती लांब," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण बघा ना... इथंच परत येते."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुमच्या मावशींचा नियम काय आहे?" त्यानं विचारलं.

"ओल असेल तर... थांबायचं."

"मग थांबतो."

तो उठला, बॅग उचलली आणि घरात ठेवून आला. तिकिटावर डब्याचं झाकण ठेवलं.

"थांबशील?" मी म्हटलं आणि जीभ चावली. तोंडून 'तू' निघून गेलं होतं.

"वाळेपर्यंत."

"आणि नाहीच वाळली तर?"

"तर तुला रोज यावं लागेल," तो म्हणाला. त्याचंही निघून गेलं होतं.

त्या शहरातली जागा दुसऱ्याला गेली. यांना इथंच जमीन मोजणीच्या कचेरीत काम मिळालं, जरा कमी मानाचं, पण टेबल खिडकीपाशी. दातांच्या डॉक्टरनं दुसरं घर शोधलं आणि आयुष्यभर आमचे दात जरा जास्तच जोरात उपटले. मावशीला सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "फोड येऊ देऊ नका म्हणजे झालं." आणि मग एका सकाळी फरशी आपण होऊन वाळली, ठणठणीत. आम्ही दोन्ही डबे मिसळले, मागच्या भिंतीपासून सुरुवात केली आणि शेजारी शेजारी मागे सरकत शटरबाहेर आलो. अडतीस मिनिटांत. उरलेली दोन मिनिटं काय केलं ते तुला सांगायचं कारण नाही.

काय चमकली म्हणून सांगू! चिमण्या पाणी प्यायला आल्या. ढग शटरखालून आत शिरले, मी झाडूनं हाकलले. एक बदक तर आठवडाभर राहिलं.

"आणि हे सगळं कशामुळे?" मी म्हटलं. "फरशी रडली म्हणून. ती रडली नसती तर तुझी आई नसती आणि तू नसतीस. वाजले बघ दहा."

भिंगरी प्लॅस्टिकपाशी गुडघ्यांवर बसली होती, पण टेपला हात लावत नव्हती. कपाळाला आठी घालून फरशीकडे बघत होती.

"आजी, एक मिनिट. फरशीतून ओल वर येते ती खालच्या मातीतून ना?"

"मग काय आकाशातून?"

"आणि मघाशी मी बादली कुठून आणली?"

"अडगळीतून."

"अडगळ कुठेय?" तिनं फरशीवर हात आपटला. "बरोब्बर इथं! या फरशीच्या खाली! घर उतारावर आहे, गॅरेजखाली माती नाहीच, रिकामी खोली आहे. तिच्या छताला आजवर एक थेंब कुणी बघितलेला नाही. फरशी कसली रडतेय? सगळी बेटं तुझ्या स्पंजची! आणि आजोबा, घर तुमचं होतं... तुम्हाला तर हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं!"

यांनी रिकामा कप तोंडाला लावला. मी छतावरची जाळी मोजायला लागले.

तिनं खस्सकन टेप ओढली. प्लॅस्टिक उलटलं. आणि भिंगरी, जी कधी एका जागी टिकत नाही, ती जागच्या जागी थांबली.

मुगाएवढे थेंब. सारख्या अंतरावर. एका कोपऱ्यातून निघून, लांबवर जाऊन, वळून परत त्याच कोपऱ्यात आलेले.

तिनं टिंबांवरून, न टेकवता, बोट पार परत कोपऱ्यापर्यंत नेलं. मग नाक पुसलं आणि हात पुढे केला.

"आजोबा, खिशातला ड्रॉपर काढा आधी!"