बंडूच्या बनियनवरचा सूर्य

"हलू नको. सूर्य तुह्या पोटावर आहे," अपेक्षा म्हणाली.

बंडूने श्वास रोखून धरला. सूर्य पोटावर असताना माणसाने आणखी काय करायचं असतं, हे त्याला सहावीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

गोठ्याच्या पश्चिमेकडच्या टिनाला खिळ्याचं एक भोक होतं. कलत्या उन्हाची एक बारीक रेघ त्यातून आत येऊन समोरच्या टोकाला जात होती. त्या टोकाला आधी म्हैस उभी होती. पण काळ्या म्हशीवर काहीच दिसेना, म्हणून तिला बाजूला करून तिथे बंडूला उभं केलं होतं. बंडूचं बनियन पांढरं होतं. निदान दुकानातून आणलं तेव्हा तरी होतंच.

वलगावपासून सायकलवर जाता येईल असं बोरझिरा हे त्यांचं गाव. अपेक्षा म्हणजे बंडूची आतेबहीण. ती अकोल्याला आठवीत होती आणि दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे आली होती. येताना फराळाच्या डब्याबरोबर मोजपट्टी, टेप आणि जाड पुठ्ठे घेऊन आली, कारण यंदा लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण होतं. तिसरी शालू. सातवीतली, शेजारची, आणि नत्थुजींची मुलगी. नत्थुजी गावच्या टाकीवर पाणी सोडायचं काम करत.

बाकी सगळा गाव दारं लावून घरात बसला होता. पाणी समितीचे अध्यक्ष रामराव यांनी दुपारीच देवळाच्या भोंग्यावरून बजावलं होतं, की ग्रहणात कोणी बाहेर पडायचं नाही, कोणी खायचं नाही आणि सुटल्यावर सगळ्यांनी आंघोळ करायची. ते स्वतः देवघराचं दार आतून लावून जप करत बसणार होते. हेही त्यांनी भोंग्यावरूनच सांगितलं, म्हणजे देवालाही अगोदर कळावं.

बंडूच्या पोटावर उजेडाची एक गोल चकती पडली होती. आणि त्या चकतीचा एक तुकडा गायब होता.

"भाकर चावल्यासारखी दिसून राहिली," बंडू म्हणाला. सकाळपासून त्याला सगळंच भाकरीसारखं दिसत होतं.

"चंद्र आडवा आला ना, म्हणून. हे भोकाचं चित्र नाही, सूर्याचं आहे." अपेक्षाने चकती जिथे पूर्ण रुंद होती तिथे मोजपट्टी धरली. साडेचार सेंटिमीटरच्या थोडी वर. भोकापासून पोटापर्यंत पाच मीटर. भागाकार शालूने केला. चकतीच्या रुंदीच्या जवळजवळ एकशे आठपट अंतर.

मग अपेक्षाने खरी गंमत सांगितली. गोठा लहान असो की मोठा, हा आकडा बदलत नाही, कारण तिकडेही तसंच आहे. सूर्य स्वतःच्या रुंदीच्या सुमारे एकशे आठपट लांब आहे. तो किती लांब ते कळलं, की तो केवढा ते आपोआप कळतं.

"पण लांब किती, ते कोणं मोजलं? टेप घेऊन कोण गेलं होतं?" बंडूने विचारलं. हलायचं नाही असं सांगितलं होतं, बोलायचं नाही असं नव्हतं.

"तू विहिरीत ओरडतो तेव्हा आवाज परत येतो की नाही? तशी शास्त्रज्ञांनी शुक्रावर रेडिओलहर पाठवली. ती आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजलं. लहरीचा वेग माहीत होता, म्हणजे शुक्राचं अंतर कळलं. शुक्र आणि पृथ्वी सूर्यापासून कितीच्या प्रमाणात लांब आहेत, ते आधीच ठाऊक होतं. एक अंतर सापडलं, बाकीची आपोआप सापडली."

"मंग सूर्यावरच काहून नाही ओरडले?"

"सूर्य स्वतःच एवढा गोंगाट करतो की आपली हाक त्यात ऐकूच येत नाही."

सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब. त्याला एकशे आठने भागलं तर जवळजवळ चौदा लाख किलोमीटर रुंद. त्याच्या अंगावर एका ओळीत शंभराहून जास्त पृथ्व्या मावतील. बंडूने पोटाकडे नव्या आदराने पाहिलं.

सूर्य तसाच चावलेला मावळला. लोक बादल्या घेऊन नळाशी आले. नळांनी फुस्स केलं आणि गप्प झाले.

टाकी रिकामी होती. कोणीतरी व्हॉल्व्ह उघडा ठेवला होता. गावातल्या निम्म्या नळांना तोट्या नव्हत्या, कारण तोट्या बसवायचा ठराव दरवर्षी एकमताने मंजूर होत असे. सगळं पाणी नालीतून वाहून गेलं, आणि दारं बंद असल्यामुळे ते कोणी पाहिलंही नाही. सणासुदीला अख्खा गाव बिनआंघोळीचा चौकात उभा राहिला आणि एकमेकांपासून जरा अंतर राखून भांडू लागला.

तेवढ्यात गावाच्या ग्रुपवर रामरावांचा फोटो आला. टाकीखालचा व्हॉल्व्ह, त्याचं सताड उघडं चाक, मागे मोटारघराची पांढरी भिंत. पाठोपाठ रामराव स्वतः आले. आपण तीन वाजता, म्हणजे ग्रहणाच्या कितीतरी आधी, देवळातून परत येताना हा फोटो काढला, असं त्यांनी सांगितलं. नत्थुजी जवळपास असेल, बंद करेल, असं वाटलं म्हणे. कोणीतरी वेळ बघायला त्यांचा फोन मागितला. पण फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून ग्रुपवर पाठवल्याबरोबर त्यांनी तेवढा एकच फोटो पुसला होता.

नत्थुजी परोपरीने सांगत होते, की दुपारी चाक घट्ट बंद करूनच घरी गेलो. कोणी ऐकेना. सरपंच वच्छलाबाईंनी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता टाकीपाशी बोलावलं. तिथेच निकाल लागणार होता, आणि नत्थुजींचं काम जाणार हे गावाने धरूनच चाललं होतं.

घरी जाताना शालू एकच वाक्य बोलली. "रामरावकाकाचे केस ओले होते."

अपेक्षा जागीच थांबली. गावात थेंबभर पाणी नव्हतं, आणि रामरावांच्या अंगाला उटण्याचा वास येत होता.

पाडव्याच्या सकाळी तिघं बंडूच्या आईचा फोन घेऊन बसली. फोटो मोठा केला, लहान केला, आडवा केला. चाकावर काही नव्हतं, जमिनीवर काही नव्हतं. बंडू हातात चकली घेऊन कंटाळून मागच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीवर कडुलिंबाच्या झाडातून आलेले उजेडाचे ठिपके होते.

चकली त्याच्या तोंडाजवळ थांबली. एरवी असं होत नसे.

"अबे, हे तर माह्या बनियनवरचं आहे," तो म्हणाला.

भिंतीवरच्या प्रत्येक ठिपक्याचा एक तुकडा गायब होता. एकजात सगळ्यांचा, एकाच बाजूने.

संध्याकाळी टाकीपाशी गाव जमला. टँकर आल्यामुळे आता सगळे एकमेकांना खेटून उभे होते. रामरावांनी पांढराशुभ्र सदरा घालून थोडक्यात भाषण केलं आणि ते बराच वेळ चाललं. ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा शालू पुढे आली. तिने फोन थेट वच्छलाबाईंच्या हातात दिला.

"आजी, भिंत पाहा. आधी ही खरी, मंग फोटोतली."

पश्चिमेचं ऊन लिंबाच्या झाडातून भिंतीवर पडलं होतं. खऱ्या भिंतीवर गोल गोल ठिपके. फोटोतल्या भिंतीवर चावलेले.

"यात काय मोठं?" रामराव हसले. "पानांमधल्या फटी जशा, तसा उजेड. काल वारा असंल."

अपेक्षाला हेच हवं होतं. तिने पुठ्ठा आणि कात्री त्यांच्यापुढे धरली. "काका, तुम्हीच भोक पाडा. पाहिजे तसं, फक्त बारीक."

रामरावांनी मोठ्या ऐटीत त्रिकोण कापला. बंडू तो पुठ्ठा घेऊन झाडापर्यंत मागे गेला आणि उन्हात धरून उभा राहिला. भिंतीवर पुठ्ठ्याची सावली पडली, आणि तिच्या मधोमध उजेडाचा एक ठिपका. गोल.

गर्दी भिंतीजवळ सरकली. दोघातिघांनी आपापल्या मनाचे आकार कापून पाहिले. चौकोन, फुली. एकाने पुढच्या निवडणुकीचा विचार करून पक्षाचं चिन्ह कापायला घेतलं, त्याला आवरावं लागलं. दर वेळी गोलच.

"भोक कसंही असो, चित्र सूर्याचंच पडते," अपेक्षा म्हणाली. "अंतराला एकशे आठने भागा, तेवढी त्याची रुंदी. मोजून पाहा." नत्थुजींनी टेप धरला, वच्छलाबाईंनी स्वतः आकडा वाचला, आणि भागाकार जुळला. "म्हणजे फोटोतल्या ठिपक्याचा तुकडा गेला, तर सूर्याचाच गेला होता. सूर्य काल कधी चावला गेला, ते सगळ्या गावाले माहीत आहे."

मग शालूने सरळ विचारलं, "काका, ग्रहणात तुमी देवघरात होते ना जी? मंग हा फोटो कोणं काढला?"

रामरावांनी आधी गळा साफ केला, मग फोटोतला दोष काढला, मग पोरं ग्रहणात गोठ्यात काय करत होती याची चौकशी केली. गोठा घरातच धरतात, असं वच्छलाबाईंनी कोरडेपणाने सांगितलं. मग विचारलं, "रामराव, काल तुमी आंघोळ कोणत्या पाण्यानं केली?"

टाकीच्या लाइनवर पहिलं घर रामरावांचं. आता सगळं बाहेर आलं. ग्रहण सुटल्यावर आंघोळीला गर्दी होईल, म्हणून आपल्या घरचं पाण्याचं टाकं आधी भरून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं. गावाला आपणच घरात बसवलं होतं, तेव्हा बघणारंही कोणी नव्हतं. चाक उघडलं, टाकं भरलं, पण चाक परत फिरेना. मदतीला हाक मारावी तर ग्रहणात बाहेर का, हे सांगावं लागलं असतं. म्हणून हाक मारण्याऐवजी त्यांनी फोटो काढला.

लोक एवढे हसले की झाडावरचे बगळे उडाले. नत्थुजी हसले नाहीत. ते पुढे झाले, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि एका विशिष्ट झटक्याने फिरवून दाखवलं. "असं फिरवा लागते, साहेब. मले विचारलं असतं तर सांगितलं असतं."

वच्छलाबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. नत्थुजींचं काम कायम. अध्यक्षपद रामरावांनी आजच सोडायचं. आणि तोट्या नसलेल्या प्रत्येक नळाला तोटी बसेपर्यंत रामरावांनी नत्थुजींच्या हाताखाली राहून त्यांना पाने-पकडी द्यायच्या. त्या शालूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, बापाची बाजू घेताना रडली नाहीस, हिशेब मांडलास." अपेक्षाला त्यांनी पुढच्या ग्रहणाला भोंग्यावर बोलायचं निमंत्रण दिलं. बंडूला काय हवं असं विचारलं, तेव्हा त्याने चकल्या मागितल्या.

नत्थुजींनी लगेच मोटारघरातून बसवायची पहिली तोटी आणली. रामराव पान्यांची पिशवी घेऊन वाकले. लिंबातून आलेलं ऊन त्यांच्या पाठीवर पडलं, पांढऱ्या सदऱ्यावर एक गोल चकती लखलखू लागली.

"हलू नका, काका," बंडू म्हणाला, आणि त्याने मोजपट्टी लावली.