जिन्याची पाटी

तर त्या गुरुवारी रिहाब जर्मनच्या क्लासमधून निघाली, वाटेत ब्रेड आणि अंडी घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर आपल्या दाराशी आली. मुठीला पाटी लटकत होती. लाकडाची, हातभर, सुतळीत ओवलेली, रविवारपासून तिथेच. श्टुटगार्टच्या त्या जुन्या इमारतीत ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा आणि रविवारी संध्याकाळी पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. बस्स, एवढाच नियम.

पण शनिवारी तिची परीक्षा होती. पास झाली तर कॉलेज, नाही तर सामान बांधून परत ट्युनिस. उठता-बसता डोक्यात नुसती जर्मन. तिने वर-खाली पाहिलं आणि पाटी काढून गुपचूप समोरच्या आयझेलेबाईंच्या दाराला अडकवली. एक्क्याऐंशीची म्हातारी, तिला कुठे लक्षात राहणार कुठला आठवडा कोणाचा?

आणि ही म्हातारी कोण, तर जिन्यात भेटली की रिहाबला थांबवून एकेक शब्द तोडून बोलणारी, चुका सुधारणारी आणि प्रत्येक वाक्यानंतर मान तिरकी करून विचारणारी, "समजलं?" रिहाबची निम्मी जर्मन त्या जिन्यातलीच होती.

शनिवारी दुपारी रिहाब खुशीत परत आली. तोंडी परीक्षेत पंधरा मिनिटं न अडखळता बोलली होती ना. खाली दारात माणसं उभी होती. पहिल्या वळणावर बादली आडवी पडलेली, पायऱ्यांवरून व्हिनेगरचं पाणी अजून ओघळत होतं. आयझेलेबाईंना नुकतंच नेलं होतं. पाय घसरला, जागच्या जागी गेल्या.

"मागचा आठवडाही बाईंचाच होता की," तळमजल्यावरचे नागेल म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय पुसताना."

बाईंचा मुलगा योर्ग भिंतीला टेकून उभा होता. त्याने रिहाबकडे पाहिलं. "म्हणजे हा आठवडा तुमचा होता का?"

"मला... समजलं नाही," रिहाबच्या तोंडून निघालं. "जर्मन... थोडी थोडी."

"सोड रे तिला," नागेल म्हणाले. "पोर नवीन आहे."

योर्गने मान हलवली. "म्हणजे आई पाटी पुढे द्यायलाच विसरली. तिचं डोकं चालेनासं झालं होतं, आणि मला पत्ताच नाही."

चाळीस वर्षांत एक आठवडा न चुकलेली बाई. आणि रिहाबला शब्दन् शब्द समजला होता.

संध्याकाळी ट्युनिसहून आईचा फोन आला. "शेजारी बरे आहेत ना गं?"

"चांगले आहेत, आई."

पुढच्या शनिवारी ती आली तर जिना खालपासून वरपर्यंत ओला. व्हिनेगरचा वास. नागेल दारातूनच म्हणाले, "आता कशी शिकलीस बघ." आणि ही बया हसून, आभार मानून वर गेली. पुसलं होतं कोणी? वर बाईंच्या दारापासून मधोमधपर्यंत फरशी ओली होती. तिथून रिहाबच्या दारापर्यंत कोरडी ठणठणीत. पट्टीने आखावी तशी.

नंतरच्या शुक्रवारी निकाल लागला. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क. तिने कोणालाच सांगितलं नाही.

शनिवारी ती घरातून हललीच नाही. भर दुपारी खाली बादलीची कडी वाजली. मग ब्रश. खर्र... खर्र... एकेक पायरी वर. तिने दाराच्या भिंगाला डोळा लावला. जिन्यातला मिनिटभरच चालणारा दिवा टक करून विझला. ब्रश तिच्या दाराशी येऊन थांबला. फटीखालून तो वास आत आला.

"कोण...?"

बाहेरून, हळू, एकेक अक्षर तोडून कोणीतरी विचारलं, "सम...जलं?"

रिहाब दाराला पाठ लावून खाली बसली. खरं सांगायचं तर भीती नंतर वाटली. आधी कान तापले, लाजेने. "समजलं," ती पुटपुटली. "तेव्हाही समजलं होतं..."

संध्याकाळी योर्ग आईचं सामान न्यायला आला. रिहाबने आपल्या दाराला कुलूप घातलं आणि समोर गेली. तो कप कागदात गुंडाळत होता.

"आठवडा माझा होता," ती म्हणाली. "पाटी मीच इथे अडकवली. तुमची आई काही विसरली नव्हती."

तो तोच कप गुंडाळत राहिला. एक कागद, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा.

"जर्मन चांगली आहे तुमची," शेवटी तो म्हणाला. "त्या दिवशीही एवढीच चांगली होती?"

"हो."

त्याने चौथा कागद घेतला. मग तिलाच राहवेना. "पाटी द्या ना माझ्याकडे. यापुढे जिना मी..."

"पाटी कुठली आता? आईबरोबर पुरली, शवपेटीत तिच्या हाताखाली. घरचे हसले मला." त्याने कप खोक्यात ठेवला. "जा तुम्ही."

ती परत आली. कुलूप उघडलं, आत गेली, दार लावून किल्ली फिरवली.

आतल्या मुठीला पाटी लटकत होती. सुतळी ओली. व्हिनेगरचा वास, आणि त्याच्याखाली ओल्या मातीचा.

शनिवार होता. आठवडा संपायला अजून एक दिवस होता.