खोटी हजेरी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी पोस्टात पार्सलं लावते. ज्या गावाचा पत्ता, त्या खान्यात पार्सल. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, अशी बावीस वर्षांची सवय आहे. राईचा पर्वत करणारी माणसं वेगळी, मी त्यातली नाही.

आणि रात्र, अंधार असलं काहीही नव्हतं.

उन्हाळ्यातला रविवार होता. भर दुपार. मी, माझा मोठा भाऊ आणि आमचा कुत्रा ओढ्याकाठच्या पायवाटेने फिरायला गेलो होतो.

माणसं दोनच होती... एवढं मी शपथेवर सांगते.

आधी कुत्र्याबद्दल सांगायला हवं. तो मेंढ्या राखणाऱ्या जातीचा. आमच्याकडे मेंढ्या नाहीत, म्हणून तो आम्हालाच राखतो. दार ओलांडलं, गाडीतून उतरलो, की हा पुढे जाऊन उभा राहणार. प्रत्येकाच्या तळहाताला नाक लावणार. सगळे मोजून झाले की मगच पुढे. एक जरी मागे राहिला, तरी जागचा हलत नाही. म्हणून दादाने त्याचं नाव ठेवलं मुकादम.

आमची ताई नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा मोठी पंचाईत झाली. हा उघड्या दारात तिची वाट बघत बसायचा. केविलवाणं कुईकुई करायचा. शेवटी दादाने युक्ती काढली. आधी उजवा हात पुढे करायचा, मग डावा.

"ही घे ताई. आली बघ."

मुकादम फसायचा. दादा बस डेपोत मेकॅनिक आहे. तो हसून म्हणायचा, "आमच्या डेपोतही हजेरी अशीच चालते. एकाने दोघांची हजेरी लावायची."

मीही हसायचे. आता हसत नाही.

ती पायवाट वरच्या जुन्या बंधाऱ्यापर्यंत जाते. वाटेत पाच वेळा ओढा ओलांडावा लागतो, दगडांवर पाय देत. पाणी जेमतेम घोट्याएवढं. पहिली दोन ओलांडणी मजेत झाली. मुकादम पलीकडे जाऊन थांबला, माझा हात, दादाचा हात, चला पुढे. झाडांत किड्यांची किरकिर इतकी चालली होती की बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यात दादाची बडबड सुरू.

"भोंग्या, हळू बोल, मासे पळतील."

माझा आवाज मोठा, म्हणून लहानपणापासून मी भोंग्या. आई गेली त्या दिवशीही त्याने मला जवळ घेऊन हेच म्हटलं होतं.

तिसरं ओलांडणं दाट सावलीत आहे.

मुकादमने माझ्या हाताला नाक लावलं. दादाच्या हाताला लावलं.

आणि तो वळलाच नाही...

ज्या काठावरून आम्ही आलो, तिकडे बघत तो बसून राहिला.

"कोणीतरी मागून येत असेल," दादा म्हणाला.

आम्ही थांबलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. कोणी आलं नाही. मुकादमचे कान मात्र पुढे... नजर एका जागी.

मग माझ्या लक्षात आलं. किड्यांची किरकिर थांबली होती.

"दादा, परत जाऊ या."

"घाबरलीस? अगं, याला तिसरा हवाय. देऊ की!"

दादाने डावा हात पुढे केला. पलीकडच्या काठाकडे बघत मोठ्याने म्हणाला, "या, या. कोण असाल ते असा. लागली तुमची हजेरी."

मुकादमने तो हात खूप वेळ हुंगला.

मग उठला आणि चालायला लागला. त्याच क्षणी किरकिर पुन्हा सुरू झाली.

बंधाऱ्यावर आम्ही पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. दादाने मला पाणी उडवून भिजवलं. तो तेव्हा तोच होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

परतताना पुन्हा तेच ओलांडणं आलं.

"तुम्ही व्हा पुढे," दादा म्हणाला. "मी बाटली भरून घेतो."

मी आणि मुकादम पलीकडे आलो. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. किरकिर थांबली...

वर बघितलं, तर दादा माझ्या शेजारी उभा. दगडांवरून येतानाचा आवाज मी ऐकला नव्हता. माझे बूट भिजले होते, त्याचे कोरडे होते. हातात बाटली नव्हती.

मुकादमने माझ्या हाताला नाक लावलं. दादाने हात पुढे केला.

मुकादमने त्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

तो पलीकडच्या काठाकडे तोंड करून बसला... आणि कुईकुई करायला लागला. ताईसाठी करायचा तसं.

"दादा, अरे, हा तुला मोजतच नाहीये."

एरवी तो खदखदून हसला असता. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "पट्टा लाव. ओढ त्याला."

मी पट्टा लावला आणि ओढत आणला. गाडीपर्यंत तो मागेच बघत होता.

याला आता तीन आठवडे झाले.

दादा वेळेवर डेपोत जातो. जेवतो, झोपतो. मुकादम उंबऱ्यात बसून असतो. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले कुत्रा ठणठणीत आहे. ताईला फोन केला, तर तिने मलाच विश्रांती घ्यायला सांगितलं.

दादा आता मला माझ्या नावाने हाक मारतो. कागदोपत्री आहे त्या नावाने. घरात त्या नावाने मला कोणीच कधी बोलावलेलं नाही. आणि रोज संध्याकाळी एकच वाक्य.

"दार लाव."

गेल्या रविवारी राहवलं नाही. कोणाला न सांगता मी मुकादमला घेऊन तिथे गेले. तिसऱ्या ओलांडण्यापाशी अलीकडच्याच काठावर थांबले. माझ्या हाताला नाक लावून तो बसला. समोरच्या काठावर चिटपाखरू नव्हतं.

किरकिर थांबली...

आणि बाटलीत पाणी भरल्याचा आवाज आला. बुड बुड बुड... अगदी समोरून.

"ए भोंग्या, थांब की जरा. आलोच."

मुकादम शेपूट हलवत उठला.

मी काय करायला हवं होतं, ते मला आज कळतं. थांबायला हवं होतं. माझा सख्खा भाऊ मला थांब म्हणत होता. पण मी मुकादमला ओढत पळत सुटले. याची मला इतकी लाज वाटते की हे मी ताईलाही सांगितलेलं नाही.

घरी आले तेव्हा दादा सोफ्यावर बसला होता.

"कुठे गेली होतीस?"

"दुकानात."

"कुत्र्याला पुन्हा तिकडे न्यायचं नाही," तो म्हणाला.

मी कुठे गेले होते, हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

हे लिहितेय तेव्हा दुपारचे चार वाजलेत. मुकादम उंबऱ्यात आहे. सकाळपासून कुईकुई बंद आहे. आता तो उभा राहिलाय. नजर जिन्याकडे... आणि शेपूट हलतेय.

दादा आतल्या खोलीतून दोनदा म्हणाला, दार लाव. आता तो उठून बाहेर आलाय. माझ्या खुर्चीमागे उभा आहे.

मी दार लावलेलं नाही. लावणारही नाही.