सल्ला नाही, माहिती

“अहो, त्या खुर्चीवर नका बसू!”

ती ओरडली खरी, पण तो बसत नव्हताच. वकिलांच्या ऑफिसातल्या त्या फाटक्या वेताच्या खुर्चीपुढे उकिडवा बसून तो भोकात बोट घालून पाहत होता.

खुर्च्या विणणं हाच त्याचा धंदा. एका हॉटेलच्या चाळीस खुर्च्या विणून दिल्या होत्या आणि हॉटेलवाला मजुरी द्यायचं नाव घेत नव्हता. आता दावा लावायचा होता. कागद जमवायचे, तारखा लावायच्या, मसुदा टाइप करायचा हे तिचं काम. सल्ला द्यायचा तो आत बसलेल्या मॅडमनी.

“मग वकीलबाई, जिंकणार का मी?”

“मी वकील नाही, सहायक आहे. माहिती देते, सल्ला नाही.”

“बरं, मग माहिती द्या... तुम्ही हसता कधी?”

झालं, ती हसलीच!

मग एकेक कागद घेऊन तो रोज यायला लागला. गठ्ठा एकदम आणता आला असता, पण सांगणार कोण? येता येता त्याने ती खुर्चीही विणून टाकली. एकदा खिशातला कागद काढून त्यावर वीण काढून दाखवली... आधी उभी, मग आडवी, मग तिरकी. तो कागद तिने हळूच ड्रॉवरमध्ये ठेवला.

“बाहेरगावी मोठं काम आलंय,” तो म्हणाला. “तीन आठवडे गेलो तर चालेल? दाव्याची मुदत आहे ना?”

त्याच्या डोळ्यांत बघत ती बोलून गेली, “आहे की. जा निर्धास्त.”

तो गेला. दावा त्याच्या सहीवाचून अडला. अठराव्या दिवशी मॅडमनी तारखा मोजल्या.

“मुदत चार दिवसांपूर्वीच संपली! आहे म्हणून कोणी सांगितलं त्याला?”

“मी...”

चाळीस खुर्च्यांची मेहनत तिच्या एका शब्दाने पाण्यात गेली होती. डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून तिने ड्रॉवर उघडला. वर तोच कागद. सहज उलटला, तर मागे हॉटेलवाल्याचं अक्षर! ‘चाळीस खुर्च्यांची मजुरी बाकी आहे, देतो.’ खाली सही आणि गेल्या वर्षीची तारीख.

मॅडमनी दोनदा वाचलं. “मुदतीच्या आत लेखी कबूल केलंय. म्हणजे या तारखेपासून तीन वर्षांची मुदत नव्याने मोजायची. वाचलात दोघंही!” तिच्या जिवात जीव आला. तेवढ्यात मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “पण हा फाइलमध्ये का नव्हता?”

तिचे कान लाल झाले.

तो परतला तेव्हा तिने काही लपवलं नाही. “चूक माझी होती. माफ करा.”

त्याने फाइलमधला तो वीण काढलेला कागद उलटून पाहिला. मग म्हणाला, “कागद ड्रॉवरमध्ये कसा?”

“जपून ठेवला होता...”

“हॉटेलवाल्याची सही?”

“नाही... दुसरी बाजू.”

तो स्वतः विणलेल्या त्या खुर्चीवर पहिल्यांदाच टेकला. “वकीलबाई, एका मुलीला चहाला विचारायचंय. विचारू का? तुमचा सल्ला?”

“सल्ला नाही. कानाला खडा लावलाय मी.”

त्याचा चेहरा पडला. तिने दाव्याचा कागद सहीसाठी पुढे सरकवला आणि खाली बघत म्हणाली, “माहिती मात्र देते... ती साडेपाचला सुटते. आणि सकाळपासून तिने चहा घेतलेला नाही.”