तेवीस केल्विनचा थांबा

जेठाच्या दुपारी काशीत दोनच जागा थंड, असं शरदिनी म्हणायची. एक दुर्गाघाटावरच्या तिच्या सासरचं तळघर आणि दुसरी विद्यापीठातली तिची प्रयोगशाळा. फरक इतकाच की तळघरातला थंडावा अंगाला लागे. प्रयोगशाळेतला एका पोलादी नळकांड्यात बंद असे आणि त्याची सेवा करणारी माणसं बाहेर घामाने निथळत बसलेली असत.

नळकांड्याच्या तळाशी हरभऱ्याएवढा एक तुकडा होता. तांबं आणि मँगनीज यांची मिश्रधातू. शरदिनीचा नवरा गोपीनाथ याने स्वतः भट्टीत वितळवून केलेली. दुर्गाघाटावरच्या वेदपाठी घराण्यातला हा धाकटा मुलगा, त्याने संथा सोडून पदार्थविज्ञान धरलं तेव्हा घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती म्हणे. पण पाठांतराचं वेड काही त्याच्या अंगातून गेलं नाही. धातूलाही पाठ करता येतं, हे त्याला कळलं तेव्हा तो लहान मुलासारखा खूश झाला होता.

गोष्ट खरीच गमतीची होती. हा तुकडा एका दमात अतिशीत केला आणि पुन्हा हळूहळू तापवला, तर त्याच्या चुंबकत्वाचा आलेख कसा गुळगुळीत येई. पण थंड करताना वाटेत कुठे तरी काही तास थांबलं, समजा तेवीस केल्विनवर, म्हणजे शून्याखाली अडीचशे अंशांवर, तर तो थांबा तुकड्याच्या लक्षात राही. परत तापवताना नेमका तेवीसवर आलेख थोडा खाली वाके, एक खड्डा पडे. जितका वेळ थांबलं, तितका खड्डा खोल. आणि एकदा का तुकडा खोलीइतका उबदार झाला, की सगळं विसरून पाटी कोरी.

"तुझ्यापेक्षा बरा," गोपीनाथ म्हणायचा. "तू पार उन्हाळ्यातलं भांडण संक्रांतीला उकरून काढतेस."

तो प्रयोगशाळेत शेवटचा होता ती नव्याण्णवच्या थंडीतली सकाळ होती. पौषातलं धुकं इतकं दाट होतं की खिडकीबाहेरचं आंब्याचं झाडही दिसत नव्हतं. तुकडा तेवीसवर आणून थांबवलेला होता आणि पुढे दुपारपर्यंत दोघांना काही काम नव्हतं. मलइयो खावासा वाटतोय, असं शरदिनी सहज बोलून गेली. रात्रभर उघड्यावर दवात ठेवलेलं दूध पहाटे घुसळून त्याचा केशरी फेस काढतात, तो मलइयो. थंडीतच मिळतो, मातीच्या कुल्हडात देतात आणि ऊन लागलं की खाली बसतो. गोपीनाथने लगेच मफलर गुंडाळला.

"चौखंब्याला जाऊन येतो. तू थांबा सोडू नकोस."

"इतक्या लांब? येईपर्यंत फेस बसेल."

"फेस बसायच्या आत हजर होतो की नाही बघ."

सायकलच्या घंटीची वाटी तडकलेली होती. ट्रिंग न वाजता ती खट्ट वाजायची. धुक्यात ते खट्ट, खट्ट लांब गेलेलं तिने ऐकलं.

तिने थांबा सोडला नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली, हेलियम संपून यंत्र आपसूक तापू लागलं, तेव्हा कुठे ती उठली. चौखंब्याचा मलइयोवाला म्हणाला, हां, दुर्गाघाटवाले पंडितजींचे छोटे भैया आले होते, दो कुल्हड ले गये. सायकल शिंदे घाटाच्या पायऱ्यांशी सापडली. तो त्या वाटेने का गेला, हे कोणालाच कळलं नाही. मल्लाहांनी नदी ढवळून काढली, हाती काही लागलं नाही.

शरदिनीने कुंकू पुसलं नाही. कोणी तिला तसं म्हटलंही नाही. दुर्गाघाटावरच्या लोकांना शास्त्र माहीत होतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते.

ती बारा वर्षं पुरी होऊनही काही महिने लोटले, तेव्हा तिचे थोरले दीर विश्वेश्वर यांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्या छातीचं दुखणं बळावलं होतं. बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागे.

"पालाशविधी करून टाकू, शरदिनी. पळसाचा न् दर्भाचा गोप्या करू, त्याला अग्नी देऊ. बिचारा अधांतरी राहिलाय."

"आणि भाऊजी, तो असला तर?"

"असता तर आला नसता का?" त्यांना खोकला आला. "माझ्या हातून व्हायला पाहिजे हे. माझ्यामागे घरात विधी जाणणारं कोण आहे? पोरं तर सगळी हिंदीत संध्या करतात."

तिला हसू आलं आणि रडूही. महिनाअखेरपर्यंतची मुदत तिने मागून घेतली.

त्याच आठवड्यात लतिकाने तो आलेख आणला. लतिका तिची संशोधक विद्यार्थिनी, वडील रेल्वेत, जन्म मुगलसरायचा. घरी मराठी आणि घाबरली की हिंदी. कपाटात जुना तुकडा सापडला म्हणून तिने सवयीसाठी मोजून पाहिला होता.

"मॅम, जरा देखिए ना. मी मध्ये कुठ्ठे थांबले नाही. सरळ खाली आणलं, सरळ वर नेलं. तरी हे काय आहे?"

तेवीसवर खड्डा होता. शरदिनीने आलेख दोनदा पाहिला आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला. मग कुठल्याही शहाण्या बाईने केलं असतं तेच तिने केलं. तापमापक बदलला, तारा बदलल्या, त्याच मिश्रधातूचा दुसरा तुकडा कापून घेतला. दुसऱ्या तुकड्याचा आलेख गुळगुळीत आला. जुन्याचा खड्डा तसाच राहिला. बारा उन्हाळे कपाटात काढलेल्या धातूला काही आठवायचं कारण नव्हतं.

पुढच्या वेळी मोजला तेव्हा खड्डा अधिक खोल झालेला होता. त्याच्या पुढच्या वेळी आणखी खोल.

"ये तो होना ही नहीं चाहिए," लतिका म्हणाली. "कोणी रोज थांबल्यासारखं दिसतंय तिथे."

शरदिनीने आलेख घडी करून पिशवीत टाकला. घरी जाऊन ती खूप रडली, आणि तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिच्या वाट पाहण्याला कोणीतरी पहिल्यांदाच दुजोरा दिला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः थांबू लागली. तुकडा तेवीसवर आणायचा, धरून ठेवायचा आणि समोर स्टुलावर बसून राहायचं, त्या सकाळी बसली होती तसं. 

एका दुपारी बाहेर लूचे गरम झोत वाहत असताना लांब फाटकाकडून आवाज आला. खट्ट. विद्यापीठात सायकली हजारो, त्यातली एखादी घंटी तडकलेली असायचीच, असं तिने मनाला समजावलं.

नंतरच्या थांब्याला तोच आवाज इमारतीच्या पायरीशी आला.

त्यानंतरच्या थांब्याला लतिका मान वर करून म्हणाली, "मॅम, आप केसर लाई हैं क्या?"

वास शरदिनीलाही आला होता. केशर, कच्चं दूध आणि त्यांच्या मागून पौषातल्या पहाटेचा ओला, धुरकट वास. खिडकीबाहेर आंब्याची पानं उन्हाने करपून लोंबत होती. ती उठून दाराशी गेली. ओसरीच्या फरशीवर ओल्या चाकाची एक रेघ जिन्याकडून आली होती आणि प्रयोगशाळेच्या दारापासून जरा अलीकडे संपली होती. ती पाहत असतानाच उष्म्याने रेघ विरून गेली. तिथे मागे थोडी बारीक वाळू राहिली.

तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. तो यावा म्हणून तिने बारा वर्षं काढली होती. पण बारा वर्षांनी नदीच्या वाटेने जो येईल तो कसा असेल, याचा विचार तिने कधी केलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी दुर्गाघाटावरून फोन आला. विश्वेश्वरांना धाप लागली होती. डॉक्टर भरती करायचं म्हणत होते आणि ते हट्टाला पेटले होते, आधी विधी, मग इस्पितळ.

"परवा," ते फोनवर म्हणाले. "हो म्हण."

ती हो म्हणाली.

विधीच्या सकाळी निघण्यापूर्वी ती प्रयोगशाळेत गेली आणि तुकडा तेवीसवर लावून आली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सवय म्हणा, किंवा एक शेवटची संधी म्हणा. लतिकाला तिने बसवून ठेवलं.

"मी सांगेपर्यंत थांबा सोडू नकोस."

ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर दर्भाचा गोपीनाथ आडवा ठेवलेला होता. डोक्याच्या जागी नारळ, हातापायांना पळसाची पानं, अंगावर धुवट धोतर. इतका लहान दिसत होता तो. विश्वेश्वर दोघांच्या आधाराने बसले होते आणि तशा धापेतही त्यांचा एक स्वर चुकत नव्हता. अग्नी द्यायची वेळ आली तसे ते थांबले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आता मनातून सोड, बाई. तू धरून ठेवलंस तर माझं सगळं फुकट."

नदीवर ऊन तळपत होतं. शरदिनीने पदराआड फोन काढला.

"लतिका, थांबा सोड. तापवायला घे."

"जी मॅम."

पळस ओला होता, पण पटकन पेटला. ती मोठ्याने रडली, बारा वर्षांत प्रथमच चारचौघांत. कोणी तिला गप्प केलं नाही. विश्वेश्वरांचा चेहरा उजळला होता. घाटावरून तिला घरी नेताना जाऊबाई म्हणाल्या, सुटला गं, तूही सुटलीस. तिलाही तसंच वाटत होतं. अंघोळ करून, मोकळ्या कपाळाने, ऊन उतरायच्या आत ती विद्यापीठात पोचली.

लतिका आलेख घेऊन वाटच पाहत होती.

"मॅम, खड्डा गेला. इतके तास थांबूनही एकदम सपाट."

रेघ तेवीसवरून सरळ पुढे गेली होती. शरदिनीने त्या जागेवरून बोट फिरवलं. 

"और हां," लतिका म्हणाली, "एक अंकल आले होते. मराठी बोलत होते."

"कधी?"

"तुमचा फोन आला, त्याच्या थोडंसं नंतर. एवढ्या गर्मीत मफलर घातलेला. दारातूनच विचारलं, थांबा चालू आहे ना?"

शरदिनी स्टुलावर बसली.

"मी म्हटलं, नाही, आत्ताच सोडला, मॅमचा फोन आला होता. मग ते जरा वेळ मशीनकडे बघत राहिले. बरं, म्हणाले."

"अजून काय म्हणाले?"

"कुछ खास नहीं. मी बसा म्हटलं तर म्हणाले, नको, भिजलोय, खुर्ची खराब होईल. और चले गये." लतिकाने खिडकीजवळच्या टेबलाकडे हात केला. "तुमच्यासाठी ते ठेवून गेले."

टेबलावर दोन कुल्हड होते. वर पंखा गरगरत होता, खिडकीतून लू आत येत होती.

फेस अजून बसला नव्हता.