खाडीचा चिखल, पितळेचा डबा

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लालबागला अडला आणि त्यामागे अंबिकाची बसही. पाऊण तास झाला. बसमध्ये उकाडा, आणि त्यात कुठूनसा खाडीचा वास.

"ओ मास्तर, डब्यात मासळी आहे काय? उतरा खाली!" कंडक्टरने दटावले.

"मासळी नाही हो… चिखल आहे," अंबिकाशेजारचा तरुण ओशाळून म्हणाला. त्याच्या मांडीवर पितळेचा डबा होता, वर घट्ट बांधलेले फडके.

सगळी बस हसली. अंबिका तेवढी हसली नाही. "कुठला चिखल?"

"आमच्या गावच्या खाडीचा. वेंगुर्ल्याच्या खाली. डोंगरात खाण सुरू झाली तेव्हापासून लाल गाळ उतरतो. माझी मावशी तिथल्या शिंपल्या, तिसऱ्या काढून विकायची. आता शिंपली उघडली तर आत काही नाही." त्याने फडक्याची गाठ चाचपली. "तीन आठवडे डबा घेऊन फिरतोय. तपासायला कोणी हात लावत नाही."

"मी लावीन," ती म्हणाली, आणि तिचे तिलाच नवल वाटले. "परळच्या प्रयोगशाळेत असते मी."

तो बघतच राहिला. "चिखलाकडे इतक्या प्रेमाने बघणारं कोणी मी पाहिलं नव्हतं."

"चिखलाकडेच बघत होते," ती म्हणाली आणि घाईने खिडकीबाहेर पाहू लागली.

त्याचे नाव लवू. गिरणीच्या रंगखात्यात होता. प्रयोगशाळेचे प्रमुख शामराव म्हणाले, कामाची वेळ संपल्यावर काय ते करा. म्हणून लवू दर शनिवारी पाळी सुटली की यायचा.

"हात धुवा," अंबिका म्हणायची.

"धुतले."

"बोटं निळी आहेत."

"हा गिरणीचा रंग. जन्मात जायचा नाही."

"मग खिशात ठेवा."

तो खरोखरच खिशात हात घालून उभा राहायचा, आणि तिला नळीतल्या थेंबांवर लक्ष ठेवणे जड जायचे.

तिसऱ्या शनिवारी नळीतला हिरवा द्राव हलवता हलवता डाळिंबी झाला.

"शिसं!" ती म्हणाली. "भरपूर आहे."

लवूचा चेहरा असा काही उजळला, की ती नळी हातात धरून नुसती बघत बसली. जूनमध्ये गावाच्या तक्रारीवर मामलेदारांपुढे सुनावणी होती. गाळ म्हणजे निव्वळ माती, असे खाणवाल्यांचे म्हणणे. गावाकडे आता आकडा होता. लवूने त्याच संध्याकाळी गावाला पत्र टाकले.

सोमवारी मात्र अंबिकाला चैन पडेना. त्या डोंगरात लोखंड आणि मँगनीज. शिसे आले कुठून? तिने डबा रिकामा करून धुतला. आतून तो लखलखत होता.

पुढच्या शनिवारी तिने विचारले, "याला कल्हई कधी केली?"

"चिखल आणायला गावी निघालो त्याच्या आदल्या दिवशी. आई म्हणाली, कल्हई नसेल तर डब्यात कळकेल. तपासणाऱ्याला चांगला मिळायला हवा."

"कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात, लवू. स्वस्त पडतं. त्यात हा खारा चिखल इतके दिवस… मी कल्हई खरवडून पाहिली. तोच डाळिंबी रंग आला. नमुना बाद आहे. गावाला तसं कळवा."

"कोणाला कळणार आहे?"

"खाणवाल्यांनी दुसरीकडे तपासलं तर गावच खोटं ठरेल."

त्याने डबा उचलला आणि निघून गेला. नंतरच्या शनिवारी तो आला नाही.

अंबिकाने काचेच्या आठ बरण्या आम्लाने धुतल्या, मग शुद्ध पाण्याने. मग गरज नसताना पुन्हा एकदा. आणि त्या पिशवीत घालून ती लालबागच्या चाळीत गेली.

दार त्याच्या आईने, राधाबाईंनी उघडले. "कोण गो तू?"

"मी… चिखल तपासणारी."

"म्हणजे माझ्या कल्हईक नावां ठेवणारी ती तूच?" राधाबाईंनी चटई सरकवली. "बस. आठ दिस धड जेवूक नाय तो."

लवू पाळीवरून आला तो गॅलरीतच थबकला. अंबिका बाहेर गेली.

"पावसाआधी वेंगुर्ल्याच्या दोन बोटी उरल्यात ना? खाणीचा गाळ आणणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी चार बरण्या भरा, गाळ न पोचलेल्या दूरच्या खाडीत चार. लाकडी पळीने."

"आकडा लहान निघाला तर?"

"निघेल तो लिहीन." ती कठड्याकडे वळली. "चूक माझी आहे. डब्यात आधीच डोकवायला हवं होतं. पण तुम्ही खूश झालात, आणि मी… कोणाच्या चेहऱ्याकडे बघून आकडा वाचायचा नसतो. मी वाचला."

तो हळूच म्हणाला, "आता चिखल आणला तर?"

"तुम्ही बाहेर थांबायचं. मी एकटी वाचीन."

शेवटच्या बोटीने तो परतला. आठ बरण्या तिच्या हवाली करून जिन्यात जाऊन बसला. दोन तासांनी अंबिका बाहेर आली.

"शिसं नावालाच. मँगनीज मात्र दूरच्या खाडीच्या नऊपट. तीनदा मोजलं. कोणीही कुठेही तपासू दे."

"नऊपट…" त्याने दीर्घ श्वास सोडला. "वाचून झालं सगळं?"

"झालं."

"मग आता बघायला हरकत नाही ना… इकडे?"

तिने बघितले. प्रयोगशाळेला कुलूप लावायचे म्हणून खालून शामराव दोनदा ओरडले. दोघांपैकी कोणालाच ते ऐकू गेले नाही.